हसणाऱ्या सुपरहिरोंचं काय चुकलं?

डॉक्टर लाइट नावाचा डीसी कॉमिक्सचा एक जुना व्हिलन आहे. १९६२ साली आला तेव्हा अख्ख्या जस्टिस लीगला, म्हणजे डीसीच्या मोठ्या हिरोंच्या टीमला, पुरून उरला होता, पण ऐंशीच्या दशकात त्याचं पार हसं झालं, टीन टायटन्समधली पोरं त्याला येताजाता लोळवायची आणि वाचकांना ते आवडायचं, कारण फुशारक्या मारून मग सपाटून मार खाणारा व्हिलन बघण्यात एक वेगळीच मजा असते. मग २००४ मध्ये आयडेंटिटी क्रायसिस नावाची सात अंकांची मालिका आली आणि तिने ह्या बावळटपणाचं कारण सांगितलं. कारण काय, तर ह्या माणसाने पूर्वी कधीतरी जस्टिस लीगच्या अंतराळातल्या तळावर स्यू डिब्नी ह्या एका हिरोच्या बायकोवर बलात्कार केला होता, तो परत असं काही करू नये म्हणून लीगमधल्या काही जणांनी आपसात मत घेऊन झटाना ह्या जादूगारणीकडून त्याचा स्वभावच बदलायचं ठरवलं, आणि ते करताना त्याचं डोकं कायमचं बिघडलं. म्हणून तो पुढे विनोदी झाला.

जरा थांबून बघा ह्याचा अर्थ काय होतो. इतकी वर्षं वेगवेगळ्या लेखकांनी आणि चित्रकारांनी त्याच्यावर ज्या हसवणाऱ्या गोष्टी रचल्या त्या सगळ्या एका फटक्यात एका बलात्काराचा आणि एका मेंदूच्या इजेचा परिणाम होऊन बसल्या. म्हणजे मजेदार गोष्ट आपली आपण असूच शकत नाही, तिच्या मागे काहीतरी घाण लपलेली असणारच, आणि ती घाण उकरून दाखवली म्हणजे आम्ही मोठे लेखक. हे वाचून मला जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि हा लेख त्या रागातूनच लिहितोय.

सुपरहिरो कॉमिक्स हलकीफुलकी असावीत का गंभीर, ह्यावर फॅन लोक गेली कित्येक वर्षं भांडतायत. एक गट म्हणतो ही मुळात लहान पोरांची चड्डीवाल्या हिरोंची करमणूक, तिला एवढं दुःख कशाला. दुसरा गट म्हणतो आम्ही मोठे झालो, आम्हाला मोठ्यांच्या गोष्टी द्या. मला दोन्ही पटत नाही कारण दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात, की हलकं म्हणजे पोरकट आणि गंभीर म्हणजे वजनदार. माझं म्हणणं असं आहे की ह्या प्रकारात माणसं उभी करण्याचं, त्यांच्याबद्दल जीव लावण्याचं काम बहुतेक वेळा हलक्या गोष्टींनी केलं, आणि डार्क गोष्टींनी ती जमवलेली पुंजी काढून उधळली. परत भरली मात्र नाही.

स्यू डिब्नीचंच बघा. ही साठच्या सुरुवातीला आलेली बाई, राल्फ डिब्नी म्हणजे एलाँगेटेड मॅनची बायको. राल्फ रबरासारखा ताणला जातो आणि कुठे रहस्याचा वास आला की त्याचं नाक फुरफुरतं, हा काही कोणाचा आवडता टॉपचा हिरो नव्हता. पण ह्या दोघांचं लग्न सुखी होतं. सुपरहिरोंच्या दुनियेत सुखी लग्न ही किती दुर्मिळ गोष्ट आहे हे वाचणाऱ्यांना माहितीये. दोघं गाडीतून गावोगाव फिरायची, एकमेकांची टेर खेचायची, आणि राल्फच्या वाढदिवसाला स्यू त्याला भेट म्हणून एखादं खोटं रहस्य रचून द्यायची सोडवायला. ह्याच्याहून गोड नवरा-बायको ह्या प्रकारात मला दुसरी सापडली नाहीत. आणि आयडेंटिटी क्रायसिसच्या पहिल्या अंकात नेमकं तेच वापरलंय, स्यू घरी त्या वाढदिवसाची तयारी करत असताना तिचा खून होतो, आणि मग कळतं की तिला दिवस गेलेले होते. राल्फचा चेहरा दुःखाने अक्षरशः वितळतो, रबराचा माणूस ना तो. चित्र जबरदस्त आहे, रॅग्ज मोरालेसचं काम आहे, मी ते नाकारत नाही. पण ते पान काळजाला भिडतं ते कशामुळे? त्या लेखकाने सात अंकांत काय केलं त्यामुळे नाही, आधीच्या चाळीस वर्षांत ज्यांनी त्या दोघांना हसतं खेळतं ठेवलं त्यांच्यामुळे.

आता ब्लू बीटल. त्यासाठी १९८७ मध्ये जावं लागेल. वॉचमेन ही डार्क मालिका अजून पूर्ण व्हायची होती, बॅटमॅनची तशीच द डार्क नाइट रिटर्न्स येऊन वर्ष झालं होतं, सगळी इंडस्ट्री काळोखाकडे तोंड करून उभी होती, आणि अशा वेळी कीथ गिफेन, जे. एम. डिमॅटिस आणि केविन मग्वायर ह्या तिघांनी नवीन जस्टिस लीग काढली जी चक्क एका ऑफिससारखी होती. सुपरमॅन नाही, फ्लॅश नाही, वंडर वुमन नाही. बॅटमॅन आहे पण तो मास्तरसारखा वैतागलेला. बाकी सगळे दुसऱ्या फळीतले लोक. पाचव्या अंकात गाय गार्डनर, म्हणजे अंगठीच्या ताकदीवर लढणाऱ्या ग्रीन लँटर्नपैकी सगळ्यात उर्मट माणूस, बॅटमॅनला आव्हान देतो, मर्द असशील तर ये म्हणून बोटातली अंगठी काढून ठेवतो. बॅटमॅन येतो. एकच ठोसा. गाय आडवा. आणि मागे ब्लू बीटल पोट धरून हसतोय, एका ठोशात, एका ठोशात गेला म्हणून, आणि ब्लॅक कॅनरी नेमकी नंतर येते आणि आपलं बघायचं राहिलं म्हणून तिचा चेहरा एवढासा होतो.

ते पान पस्तीसेक वर्षांनी पण लोक एकमेकांना दाखवतात. आणि त्यात ठोसा हा सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे हे लक्षात घ्या. मग्वायर चेहरे काढायचा, भुवया, ओठाचा कोपरा, डोळे मिटून हसणं, बाजूला बघून न बघितल्यासारखं करणं. तोपर्यंत सुपरहिरोंना दोन-तीनच चेहरे असायचे, एक रागाचा, एक ओरडण्याचा, एक छाती पुढे काढल्याचा. मग्वायरने त्यांना शेजारीपाजारी असतात तसे चेहरे दिले. विनोद करायचा म्हटल्यावर त्याला हे करावंच लागलं, कारण विनोद ठोशात नसतो, ठोसा बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. मला वाटतं माणसाचं बारीक निरीक्षण त्या काळातल्या कुठल्याही डार्क मालिकेपेक्षा ह्या विनोदी मालिकेत जास्त होतं.

पाच वर्षं चालली ही टीम. ब्लू बीटल म्हणजे टेड कॉर्ड आणि बूस्टर गोल्ड ह्यांची दोस्ती त्यात घडली. दोघं लीगचे पैसे परस्पर वापरून एका बेटावर कसिनो काढतात आणि मग कळतं की ते बेट जिवंत आहे आणि पोहत निघालंय, अशा गोष्टी. टेडला कुठलीच सुपरपॉवर नाही, डोकं आहे, हातात एक यंत्र आहे, आणि पोट थोडं सुटलंय ज्यावरून बाकीचे त्याला चिडवतात. ह्या माणसावर वाचकांनी जीव लावला.

२००५ मध्ये काउंटडाउन टू इनफिनिट क्रायसिस ह्या ऐंशी पानांच्या, एक डॉलरच्या अंकात टेडला मोठ्या कटाचा सुगावा लागतो, तो एकेकाकडे जातो, सगळे आपापल्या कामात, कोणी त्याला फार मनावर घेत नाही, शेवटी तो एकटाच मुळापर्यंत पोचतो आणि तिथे त्याला भेटतो मॅक्स लॉर्ड, त्याच जुन्या विनोदी टीमचा मॅनेजर, जो आता म्हणे पहिल्यापासून दुष्ट होता. तो टेडच्या डोक्यात गोळी घालतो.

अंक चांगला लिहिलाय, खोटं कशाला बोलू. ज्याला सगळे गमतीतला माणूस समजतात त्याच्या मनात काय चालतं हे त्यात फार सुंदर आलंय. पण तेच तर माझं दुखणं आहे. ज्यांना टेड इतका कळला होता त्यांनी त्याला जिवंत ठेवून त्याच्यावर पन्नास गोष्टी लिहायला हव्या होत्या. त्याऐवजी त्याचा उपयोग काय, तर पुढच्या मोठ्या इव्हेंटची जाहिरात. एक वर्ष आधी स्यू, मग टेड, मग मॅक्सची मान मोडली वंडर वुमनने, आणि राल्फ पण पुढे दोन वर्षांत मेलाच. त्या विनोदी मालिकेतली, तिच्या युरोपातल्या शाखेतली माणसं एकेक करून संपवली आणि प्रत्येक वेळी सांगायचं काय तर आता गोष्ट सिरियस झाली बरं का. आणि ह्यातला सगळ्यात वाईट भाग असा की त्याच गिफेन, डिमॅटिस, मग्वायरने २००३ मध्ये परत येऊन त्याच टीमची सहा अंकांची मालिका केली होती आणि तिला विनोदी प्रकाशनाचा आयस्नर, म्हणजे अमेरिकन कॉमिक्सचा मानाचा पुरस्कार मिळाला होता. म्हणजे जादू संपली नव्हती, लोकांना हवी होती, करणारे पण हयात आणि तयार होते.

ह्यावर नेहमी एक उत्तर येतं, की मग मरण दाखवायचंच नाही का, स्पायडरमॅनच्या प्रेयसीचं, ग्वेन स्टेसीचं काय. बरोबर प्रश्न आहे. १९७३ मध्ये अमेझिंग स्पायडरमॅनच्या १२१ व्या अंकात ग्वेन मेली तेव्हा पोरं हादरली होती, आणि ती गोष्ट आजही टिकून आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण स्पायडरमॅन ही मालिका पहिल्यापासून दोन्ही अंगांनी चालणारी होती. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटकोने पीटरला, म्हणजे मुखवट्यामागच्या स्पायडरमॅनला, उभा केला तोच काकाच्या मृत्यूच्या अपराधी भावनेवर, आणि त्याच पोराला मारामारी करताना सतत टिवल्याबावल्या करायला लावल्या. मुखवटा घातला की जीभ सुटते, काढला की भाड्याचं टेन्शन. ग्वेनचं मरण त्या मालिकेच्या स्वभावातूनच आलं, पीटरच्या स्वतःच्या जाळ्याच्या हिसक्याने तिची मान मोडली असं त्या चित्रात सुचवलंय, आणि त्याचे परिणाम त्याच मालिकेत, त्याच माणसांनी वर्षानुवर्षं भोगले. मेरी जेन नावाची पार्टीवाली उडाणटप्पू मुलगी पुढच्याच अंकाच्या शेवटी दारातून बाहेर जाता जाता थांबते, दार लावून घेते आणि पीटरपाशी राहते. त्या दोन-चार शब्द नसलेल्या पॅनल्समध्ये तिचं सगळं पात्र बदलून गेलं. गोष्टीने त्या मरणाची किंमत स्वतः मोजली. स्यू आणि टेडच्या बाबतीत किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली होती.

आता हलक्या बाजूचीही लबाडी सांगितली पाहिजे नाहीतर हा एकतर्फी लेख होईल.

१९५४ साली फ्रेडरिक वर्थॅम ह्या मानसोपचारतज्ज्ञाचं कॉमिक्सने पोरं बिघडतात असं सांगणारं पुस्तक आलं, त्याच वर्षी अमेरिकन सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड नावाची आचारसंहिता बनवली. चांगल्याचाच विजय झाला पाहिजे, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, पोलीस-न्यायाधीश-सरकार ह्यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको, वगैरे. त्या आधीचा १९३८ चा सुपरमॅन आठवा, जेरी सीगल आणि जो शूस्टर ह्या क्लीव्हलँडच्या दोन तरुण पोरांनी केलेला, तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटायचा आणि राजकारण्यांना विकत घेणाऱ्या लबाड दलालाला उचलून तारांवरून पळायचा. तो राग कोडच्या आधीच मवाळ होत गेला होता, कोडनंतर पुरता गेला. त्याच्या जागी आला क्रिप्टो हा उडणारा कुत्रा, लाल क्रिप्टोनाइटमुळे दर वेळी काहीतरी वेगळंच होणारा सुपरमॅन, आणि दर दोन-चार महिन्यांनी कासव नाहीतर आणखी कशात तरी बदलणारा सुपरमॅनचा दोस्त जिमी ओल्सन. मला त्यातल्या बऱ्याच गोष्टी मनापासून आवडतात, त्यांची कल्पनाशक्ती अफाट आहे, पण तो हलकेपणा निवडलेला नव्हता, लादलेला होता. दुसरं काही लिहायची मुभाच नव्हती. १९६६ ला टीव्हीवर बॅटमॅन आला तेव्हा ते हसू अमेरिकेच्या घराघरात गेलं आणि पुढची वीस वर्षं कॉमिक्सवर काहीही लिहून आलं की मथळ्यात धाड-धूड-फट्याक असायचंच. ज्या पोराला बॅटमॅन खरा वाटत होता, ज्याला त्या गोष्टींत आपल्या एकटेपणाला जागा सापडली होती, त्याला हे किती लागलं असेल ते मी समजू शकतो. डेनी ओनील आणि नील अ‍ॅडम्सने १९७० च्या आसपास बॅटमॅनला परत रात्रीत नेलं ते गरजेचं होतं. स्टॅन लीने १९७१ मध्ये ड्रग्जवरची स्पायडरमॅनची गोष्ट कोडच्या शिक्क्याशिवाय छापली आणि कोडला नमावं लागलं, तेही गरजेचं होतं. सक्तीचं हसू कोणालाच नको.

पण पुढे काय झालं, तर सक्तीच्या हसूची जागा सक्तीच्या गंभीरपणाने घेतली, आणि ह्या वेळी सक्ती सरकारची किंवा पालकांची नव्हती, बाजाराची होती. सत्तरच्या दशकापर्यंत कॉमिक कोपऱ्यावरच्या वाण्याच्या, औषधाच्या दुकानात, पेपरच्या स्टॉलवर फिरत्या स्टँडवर मिळायचं, पोरगं खाऊच्या पैशातून उचलायचं, न खपलेले अंक परत जायचे. १९७३ नंतर हळूहळू फक्त कॉमिक्सची दुकानं असा वेगळा धंदा सुरू झाला, तिथे अंक परत करता येत नाहीत म्हणून दुकानदार आधीच ठरलेल्या गिऱ्हाइकासाठी मागवणार, आणि ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे वीस-तीस वर्षांचा, दर आठवड्याला येणारा, सगळं जपून ठेवणारा पुरुष. ह्या वाचकाला आपला छंद पोरकट नाही हे जगाला दाखवायचं होतं. १९८८ मध्ये डीसीने बॅटमॅनच्या छोट्या साथीदाराला, दुसऱ्या रॉबिनला, जेसन टॉडला, मारायचं का जगवायचं हे फोनवरच्या मतदानावर सोडलं. ५,३४३ मतं मारा म्हणून, ५,२७१ जगवा म्हणून. जोकरने त्याला पहारीने झोडपतानाची चित्रं आधीच छापून आली होती, आणि बहात्तर मतांनी त्या पोराचा जीव गेला. ज्या पात्राचा जन्मच १९४० मध्ये बॅटमॅनच्या गोष्टीत थोडा प्रकाश, थोडी मस्ती यावी, लहान वाचकाला आपलं कोणीतरी त्यात दिसावं म्हणून झाला होता, त्या रॉबिनबद्दल बोलतोय मी.

आणि १९८६ च्या ज्या दोन पुस्तकांच्या नावाने हे सगळं खपवलं गेलं ती तरी नीट वाचली का लोकांनी? फ्रँक मिलरच्या डार्क नाइट रिटर्न्समध्ये टीव्हीवरच्या बडबड्या तज्ज्ञांची जी खिल्ली आहे ती पानापानावर हसवते, आणि त्यातली रॉबिन तेरा वर्षांची कॅरी केली आहे, जी त्या म्हाताऱ्या बॅटमॅनला परत जगायला लावते. अ‍ॅलन मूरच्या वॉचमेनच्या मध्यभागी एक पेपरवाला आहे आणि त्याच्या स्टॉलला टेकून फुकट कॉमिक वाचणारं पोरगं आहे, त्यांची नोकझोक आहे, म्हणून तर शेवटी जे होतं ते सहन होत नाही. अ‍ॅलन मूरने पुढे स्वतः १९६३ नावाची एक आणि सुप्रीम नावाची दुसरी अशा मालिका लिहिल्या, ज्या त्याच जुन्या कुत्रेवाल्या, किरणवाल्या, भाबड्या कॉमिक्सवरच्या प्रेमाने भरलेल्या आहेत. त्याला काय म्हणायचं होतं ते नक्कल करणाऱ्यांच्या हाती लागलंच नाही. त्यांच्या हाती लागलं रक्त, पाऊस आणि दात आवळलेले चेहरे, आणि नव्वदच्या दशकात ज्याच्या त्याच्या अंगावर खिसे आणि हातात एवढाल्या बंदुका आल्या. तो काळ मला इथे फार उगाळायचा नाही, वाचवत नाही त्यातलं बरंचसं.

आपल्याकडे रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवरून राज कॉमिक्स घेऊन वाचणाऱ्यांना हा वाद मुळात विचित्र वाटेल, कारण मुंबईच्या रस्त्यावर गुंडांना सरळ गोळ्या घालणारा, कचऱ्याच्या ढिगात सापडलेला डोगा आणि राजाचा काटा काढायला जाऊन दर वेळी त्याचं भलंच करून बसणारा बांकेलाल, दोघं एकाच प्रकाशकाचे, एकाच टोपलीत. पोरं दोन्ही वाचायची. डोगा वाचून बांकेलाल खोटा वाटला असं कोणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि डोगाला मोठं करायला बांकेलालचा खून पाडावा असंही त्या प्रकाशकाला वाटलं नाही.

आता हलकी गोष्ट काय करू शकते त्याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण सांगतो. डेअरडेव्हिल. आंधळा वकील मॅट मर्डॉक, ज्याची बाकीची इंद्रियं अचाट तीक्ष्ण आहेत. फ्रँक मिलरने हातात घेतल्यापासून ह्या माणसाचे इतके हाल झाले की प्रत्येक नवीन लेखकाला आधीच्यापेक्षा जास्त हाल करणं भाग पडायचं, प्रेयसी मेल्या, घर गेलं, वकिली गेली, तुरुंग झाला, शेवटी डोक्यात सैतान शिरला. २०११ मध्ये मार्क वेडने मालिका घेतली आणि मॅटला हसायला लावलं. भूतकाळ पुसला नाही, मॅटने स्वतः ठरवलं की बास झालं, आता असं जगायचं नाही. त्याचा दोस्त फॉगी घाबरतो की ह्याचं डोकं फिरलंय. चित्रकारांनी, पाओलो रिव्हेरा आणि मार्कोस मार्टिनने, त्याला जग कसं जाणवतं, आवाज आणि वास कसे येतात हे अशा खेळकरपणे काढलं की तिसेक वर्षांत पहिल्यांदा त्याची पॉवर म्हणजे शाप न वाटता मौज वाटली.

त्यातला सातवा अंक. मॅट अंध मुलांच्या शाळेची नाताळची सहल घेऊन जातो, बर्फाच्या वादळात बस उलटते, ड्रायव्हर जातो, आणि मॅट जखमी अवस्थेत त्या पोरांना घेऊन चालत निघतो. व्हिलन नाही. कटकारस्थान नाही. फक्त बर्फ, ज्यात त्याचं रडार पण नीट चालत नाही कारण सगळे आवाज बर्फ गिळून टाकतंय. तो त्यांना धीर देतो, गमती करतो, आणि एका क्षणी त्याच्यातली ताकद संपते, तो पडतो, त्याला वाटतं आपण ह्या लेकरांना वाचवू शकलो नाही. आणि मग ती पोरंच त्याला ओढत, एकमेकांना धरून, एका घरापर्यंत नेतात. त्या एका अंकाला २०१२ चा आयस्नर मिळाला. त्यात अंधपणाबद्दल, भीतीबद्दल, मोठ्या माणसाच्या अहंकाराबद्दल जे आहे ते कुठल्या वयाच्या माणसाला कमी पडेल? आणि हे सहावी-सातवीतलं पोरगं पण वाचू शकतं, कोणाला काही लपवावं लागत नाही. ह्याच वेडने पुढे फॉगीला कॅन्सर दिला, मॅटच्या डिप्रेशनवर गोष्ट लिहिली, आणि ती लागली, कारण आता हा माणूस हसतो कसा हे आपल्याला माहीत होतं.

ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटलीच्या ऑल-स्टार सुपरमॅनमधलं ते गच्चीच्या कडेवर उभ्या असलेल्या मुलीचं पान पण असंच. सुपरमॅन मरायला टेकलाय, वेळ कमी आहे, जगभरची कामं उरकतोय, आणि मध्येच त्या मुलीच्या मागे येऊन उभा राहतो आणि सांगतो की तुझ्या डॉक्टरांना खरंच उशीर झाला गं, तू समजतेस त्यापेक्षा तू कितीतरी खंबीर आहेस. मिठी. एक पान. ज्या मालिकेत हे पान आहे त्याच मालिकेत उलट्या डोक्याच्या बिझारोंचा ग्रह आहे, काळातून येणारे भविष्यातले सुपरमॅन आहेत, जिमी ओल्सन राक्षस होतो. मॉर्ट वाइझिंगर सुपरमॅनचा संपादक असतानाच्या, म्हणजे त्या उडत्या कुत्र्याच्या काळातला सगळा चक्रमपणा मॉरिसनने उचलला आणि त्याच्या शेजारी हे पान ठेवलं, आणि ते पान खरं वाटतं कारण आपण आधीच अशा जगात आहोत जिथे काहीही होऊ शकतं, मग कोणी वेळेवर येऊन पोचणं का नाही होणार. तेच पान एखाद्या काळ्याकुट्ट मालिकेत टाकून बघा, खोटं वाटेल.

हलकी कॉमिक्स खपत नाहीत हा शेवटचा मुद्दा, आणि प्रकाशक तोच पुढे करतात. खपतात की! दुकान बदलून बघा. डेव्ह पिल्की नावाच्या लेखकाचा कॅप्टन अंडरपँट्स १९९७ पासून आणि डॉग मॅन २०१६ पासून पोरं अक्षरशः फाटेपर्यंत वाचतायत, लाखांनी प्रती जातात. डॉग मॅन काय आहे? पोलिसाच्या धडावर कुत्र्याचं डोकं बसवलेला हिरो, म्हणजे सुपरहिरोच. पानावर पोटं सुटेपर्यंत हसवणाऱ्या मारामाऱ्या, आणि मधोमध पीटी नावाचा दुष्ट बोका, जो स्वतःचा क्लोन बनवायला जातो आणि त्याच्या पदरात एक लहान पिल्लू पडतं, आणि त्या पिल्लाला वाढवता वाढवता त्याला स्वतःच्या बापाने आपल्याशी काय केलं होतं त्याच्याशी सामना करावा लागतो. आईबापांना पण गलबलून येतं ते वाचून. पोरांनी सुपरहिरो सोडले नाहीत, ज्या दोन कंपन्यांनी, डीसी आणि मार्व्हलने, पोरांसाठी दार बंद केलं त्यांना सोडलं.

मार्व्हलला हे कळलं नव्हतं असं नाही. रायन नॉर्थ आणि एरिका हेंडरसनची अनबीटेबल स्क्विरल गर्ल २०१५ ते २०१९ अठ्ठावन्न अंक चालली, त्यात डोरीन नावाची कॉम्प्युटर सायन्स शिकणारी, खारीसारखी शेपटी असलेली मुलगी पृथ्वी गिळायला आलेल्या गॅलॅक्टसशी बोलते, त्याची भूक समजून घेते, आणि त्याला दुसरा पर्याय शोधून देते. समोरच्याचं ऐकून घेऊन भांडण मिटवणं ही सुपरहिरो कॉमिकमधली सगळ्यात धाडसी गोष्ट आहे आणि ती ह्या विनोदी मालिकेने केली. महिन्याच्या अंकांपेक्षा पुस्तकरूपात ती जास्त वाचली गेली, कारण ती वाचणाऱ्या मुली त्या ठरलेल्या दुकानांत जातच नव्हत्या. आणि डीसीने २०१९ मध्ये जीन लुएन यांग आणि गुरिहिरू ह्यांच्याकडून सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन करून घेतलं. १९४६ चं मेट्रोपोलिस, नवीन मोहल्ल्यात राहायला आलेलं चिनी कुटुंब, अंगणात क्लॅनने, म्हणजे कू क्लक्स क्लॅन ह्या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेने, जाळलेला क्रॉस. ह्याहून गंभीर विषय कुठला आणणार? पण चित्रं गोल, प्रसन्न, मंगासारखी, सुपरमॅन हसरा, आणि तो उडत नाही, तारांवरून पळतो, कारण आपण परग्रहावरचे आहोत हे त्याने स्वतःपासूनच दाबून ठेवलंय, उडालो तर लोक घाबरतील म्हणून. रॉबर्टा ली ही लहान, बुजरी, गाडीत मळमळणारी मुलगी त्याला पहिल्यांदा विचारते की तू मुद्दाम कमी का करतोयस. हे पुस्तक लहान मुलांच्या कप्प्यात ठेवलं जातं आणि आयडेंटिटी क्रायसिस मोठ्यांच्या. माझ्याकडे दोन्ही आहेत, आणि कोणी सिरियस सुपरहिरो कॉमिक वाचायला मागितलं तर मी रॉबर्टाचं देतो.